मस्टँग की टीबीएम : लहान जेट घ्यावे की टर्बोप्रॉप?

गोदाकाठ

नमस्कार. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतल्या पंपांची देखभाल करण्याचा आमचा व्यवसाय आहे आणि त्या कामासाठी गेली नऊ वर्षे मी स्वतःचे सिरस एसआर२२ (एका पिस्टन इंजिनाचे, दाबयुक्त केबिन नसलेले लहान विमान) चालवते आहे. माझे १,४०० तास पूर्ण झाले असून इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (ढगांत केवळ उपकरणांवर उडण्याची परवानगी) आहे. आता दाबयुक्त केबिनचे (उंचावरही आत दाट हवा राखणारे), टर्बाइन इंजिनाचे विमान घ्यायचे हे घरात ठरले आहे. प्रश्न अडला आहे तो कोणते घ्यायचे यावर.

वीस ते तीस लाख डॉलरांच्या आत पाहायला सुरुवात केली, तेव्हा वापरलेल्या विमानांच्या बाजारात दोन विमाने जवळपास एकाच किमतीला समोर आली. एक सेसनाचे सायटेशन मस्टँग, म्हणजे दोन इंजिनांचे लहान जेट, आणि दुसरे टीबीएम ८५०, म्हणजे एका इंजिनाचे टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रॉपेलर फिरवणारे विमान). कागदावर मस्टँगचा वेग ३४० नॉट (ताशी सागरी मैल) आणि टीबीएमचा ३२० नॉट आहे. वेगात एवढाच फरक असेल, तर दोन इंजिने आणि ४१,००० फुटांची उंची देणारे जेट का घेऊ नये, असे माझ्या पतीचे म्हणणे आहे आणि ते मला सहजासहजी खोडून काढता येत नाही.

आमचे प्रवास असे आहेत : मिडलंडला जवळजवळ दर आठवड्याला (३७५ सागरी मैल), ॲमरिलोला महिन्यातून दोनदा, आणि मुलगी डेन्व्हरला असल्यामुळे तिकडे वर्षातून चार-पाच वेळा (साधारण ७७० सागरी मैल). याशिवाय पश्चिम टेक्सासमधल्या एका ग्राहकाचे केंद्र अशा गावी आहे, जिथे धावपट्टी केवळ ३,८०० फुटांची आहे. माझी आई नाशिकहून येऊन सहा महिने आमच्याकडे राहते. ती ७८ वर्षांची आहे, तिला दम लागतो आणि गुडघेही दुखतात. मागच्या वर्षी डेन्व्हरला जाताना १०,००० फुटांवर तिचा श्वास जड झाला, तेव्हा मी खाली उतरले आणि उरलेला सगळा प्रवास ढगांखालचे धक्के खात पूर्ण केला. दाबयुक्त केबिनचा निर्णय खरे तर त्याच दिवशी झाला.

ज्यांनी यांपैकी एखादे विमान स्वतः बाळगले आहे, त्यांचे मत हवे आहे.

पश्चिमवारा

माझ्याकडे आठ वर्षे टीबीएम ८५० आहे, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे. तरीही हिशेब मांडतो.

३७५ सागरी मैलांसाठी ३४० नॉटने एक तास सहा मिनिटे लागतात आणि मी प्रत्यक्षात ज्या ३१० नॉटने उडतो, त्याने एक तास तेरा मिनिटे लागतात. म्हणजे तुमच्या दर आठवड्याच्या फेरीत जेटमुळे वाचणारा वेळ सात मिनिटांचा आहे. या सात मिनिटांसाठी टीबीएमच्या सुमारे ८५ गॅलनांऐवजी मस्टँगला १२५ गॅलनांच्या आसपास इंधन लागेल. टर्बोप्रॉप तासाला साठ गॅलनांच्या जवळपास पिते, तर मस्टँगची दोन इंजिने नव्वद ते शंभर गॅलन पितात, आणि तेही वर गेल्यावर. जेट इंजिनाची काटकसर उंचीवर अवलंबून असते. वाहतूक नियंत्रकाने तुम्हाला वीस मिनिटे १५,००० फुटांवर अडकवून ठेवले, तर टर्बोप्रॉपला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण जेटमध्ये पुढचा सगळा इंधनाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आता त्या ३,८०० फुटांच्या धावपट्टीबद्दल. मस्टँगचे उड्डाणाचे अंतर ३,११० फूट सांगतात, पण ते समुद्रसपाटीला आणि प्रमाण तापमानाला. मिडलंडच २,८७१ फूट उंचीवर आहे. ऑगस्टमधल्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा हवा इतकी विरळ झालेली असते की ते अंतर तुमच्या धावपट्टीत मावेल असे मी गृहीत धरणार नाही. उतरतानाही तसेच आहे. मस्टँगला थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे ओल्या डांबरावर सगळी भिस्त ब्रेकवर असते. टीबीएममध्ये चाके टेकल्यावर मी लिव्हर मागे ओढतो, प्रॉपेलरची पाती उलटी फिरतात (म्हणजे त्यांचा कोन उलटा होतो, फिरण्याची दिशा तीच राहते) आणि विमान कोणीतरी मागून दोर धरल्यासारखे थांबते.

एक गोष्ट मात्र मी नव्या माणसाला आवर्जून सांगतो. कमी वेगात असताना उतरणे रद्द करून तुम्ही तो लिव्हर एकदम पुढे ढकललात, तर टॉर्कमुळे (इंजिनाच्या पिळामुळे) हे विमान डावीकडे कलंडते, आणि ते सावरण्याइतकी उंची तेव्हा खाली नसते. उजवा पाय आधी आणि हात नंतर, हे अंगात मुरेपर्यंत शिक्षकाला शेजारून उठू देऊ नका.

मेघमाला

मी आधी पिलॅटस पीसी-१२ या एका इंजिनाच्या टर्बोप्रॉपमध्ये भागीदार होते आणि सहा वर्षांपासून मस्टँग एकटी चालवते. वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात सगळा प्रवास येत नाही.

आखाती किनाऱ्यावरून हिवाळ्यात निघणाऱ्या माणसाला ढगांचे थर आणि त्यांतला बर्फ यांतून वर जावे लागते. पीसी-१२ मध्ये मी २६,००० फुटांवर असताना कितीतरी वेळा नेमक्या ढगांच्या माथ्यावर घासत जात असे. पंखांच्या कडांवरचे रबरी बूट फुगायचे, बर्फाचे तुकडे सुटायचे, पुन्हा साचायचे, आणि मागे बसलेली माणसे गप्प व्हायची. मस्टँगमध्ये त्याच दिवशी मी तो थर ओलांडून ३५,००० फुटांवर उन्हात असते. टेक्सासची वादळे ४०,००० फुटांच्याही वर जातात, तेव्हा त्यांना वळसाच घालावा लागतो, त्यात जेट काही मदत करत नाही. पण रोजचे साधे खराब हवामान जेटच्या पोटाखाली राहते, आणि हे सुख फक्त मिनिटांत मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आईंची. केबिनमधला दाब हा इथे सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. मस्टँगची केबिन आतल्या आणि बाहेरच्या दाबात ८.३ पीएसआयचा (चौरस इंचाला पौंड) फरक सांभाळते, त्यामुळे विमान ३५,००० फुटांवर असताना आत बसलेल्या माणसाला ती हवा सहा हजार फुटांवरची वाटते आणि ४१,००० फुटांवर आठ हजारांची. पीसी-१२ मध्ये ५.७५ पीएसआय आहे आणि ३०,००० फुटांवर आतली उंची दहा हजार फुटांच्या आसपास पोहोचते, म्हणजे जिथे त्यांचा श्वास जड झाला नेमकी तीच.

४१,००० फुटांच्या आकड्याला मात्र भुलू नका. ३५,००० फुटांच्या वर एकटा वैमानिक असेल तर त्याने ऑक्सिजन मास्क सतत लावलेला असला पाहिजे, असा अमेरिकेतला नियम आहे. नाकावर घट्ट बसलेला मास्क, त्यातून बोलणे, आणि दोन तासांनी गालावर उमटलेले वळ यांची सवय होत नाही. मी बहुतेक वेळा ३५,००० फुटांवरच थांबते.

डेन्व्हरबद्दलही खरे सांगायचे तर हिवाळ्यात जाताना समोरून वारा असतो आणि तो जेटच्या उंचीवरच सर्वांत जोरात वाहतो. टाकी पूर्ण भरली तर वैमानिकासह तीन-चार माणसांपुरतेच वजन उरते, आणि समोरून ऐंशी-नव्वद नॉटचा वारा असेल तर मी वाटेत ॲमरिलोला उतरून इंधन घेते. इथे टीबीएमचा पल्ला जास्त आहे, ते थेट जाईल. तरीही रात्री, एकटी, डोंगरांकडे तोंड करून जाताना माझ्यामागे दोन इंजिने चालू असतात याची किंमत मी आनंदाने मोजते. त्यांतले एक बंद पडले तरी जेटमध्ये प्रॉपेलरचा अडथळा नसतो आणि विमान तुलनेने शांतपणे सरळ ठेवता येते.

हातोडी_पाना

मी विमानांचा मेकॅनिक आहे आणि या दोन्ही विमानांखाली पाठीवर पडून काम केले आहे.

दोन्हींची इंजिने प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचीच आहेत. टीबीएम ८५० ला पीटी६ए-६६डी आणि मस्टँगला पीडब्ल्यू६१५एफची जोडी असते. ओव्हरहॉलचा (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्याचा) काळ दोन्हींचा ३,५०० तास आहे, पण मस्टँगमध्ये तो खर्च दोनदा येतो. मस्टँग पाहताना इंजिने देखभालीसाठी तासागणिक पैसे भरण्याच्या योजनेत आहेत की नाहीत हे पहिल्यांदा विचारा, कारण योजनेबाहेरचे मस्टँग स्वस्त दिसते आणि पुढे विकताना तेवढेच पडते.

टर्बोप्रॉपला प्रॉपेलर आहे आणि त्याची स्वतंत्र निगा राखावी लागते. छोट्या धावपट्टीवरून आलेल्या टीबीएमच्या पात्याच्या कडेवरून मी आधी बोटाचे पेर फिरवतो, कारण खड्याने पडलेली बारीक खाच डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागते. ती कानशीने घासून गुळगुळीत केली नाही तर तिथूनच तडा सुरू होतो. याला दहा मिनिटे लागतात, पण ती कोणीतरी द्यावी लागतात.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी किनाऱ्याची वाटते. एका ओळखीच्या माणसासाठी मी किनाऱ्यालगत ठेवलेले टर्बोप्रॉप तपासायला गेलो होतो. ते फार कमी उडाले होते, म्हणून विक्रेता त्याला नवेकोरे म्हणत होता आणि नोंदवहीवर एका दुरुस्ती केंद्राचा ताजा शिक्काही होता. बोअरस्कोप (इंजिनाच्या आत पाहण्याची बारीक कॅमेऱ्याची नळी) आत घातला, तेव्हा कॉम्प्रेसरच्या पात्यांवर गंजाचे खड्डे पडलेले दिसले. खारट हवेत उभ्या राहिलेल्या इंजिनाला पाण्याने धुण्याची जी साधी सवय लावायची असते, ती कोणी लावलीच नव्हती. उडणाऱ्या विमानापेक्षा उभ्या विमानाची भीती जास्त बाळगा. तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या केंद्रात करू नका आणि बोअरस्कोपची चित्रे स्वतः मागून पाहा.

दक्षिणायन

गोदाकाठताई, मी उड्डाण-शिक्षक या नात्याने लिहीत आहे आणि आतापर्यंत कोणी न विचारलेले विचारतो : तुम्हाला मल्टी-इंजिन रेटिंग आहे का? तुमचे सगळे तास एसआर२२ वर असतील तर बहुधा नसावे. मग मस्टँगसाठी आधी दोन पिस्टन इंजिनांच्या विमानावर ते रेटिंग, त्यानंतर टाइप रेटिंग (त्याच प्रकारच्या विमानापुरती वेगळी परवानगी) आणि पुढे विमा कंपनी सांगेल तितके तास अनुभवी वैमानिकाला शेजारी बसवून उडणे, असा क्रम आहे. अमेरिकेत कोणत्याही टर्बोजेटला, ते कितीही लहान असो, टाइप रेटिंग लागते आणि दर बारा महिन्यांनी प्रवीणता तपासणीही द्यावी लागते. १२,५०० पौंडांच्या आतल्या टर्बोप्रॉपला टाइप रेटिंग लागत नाही. कायद्याने दर दोन वर्षांनी शिक्षकाबरोबर होणारा फ्लाइट रिव्ह्यू (उजळणी) पुरतो, पण विमा कंपनी बहुधा वर्षाला प्रशिक्षण मागतेच, आणि माझ्या मते तिचे बरोबर आहे.

मेघमालाताईंनी जेटच्या सुखाबद्दल लिहिलेले सगळे खरे आहे, पण त्या ते सुख सरावाच्या जोरावर घेत आहेत. तुमचे तास मुख्यतः तासाभराच्या फेऱ्यांचे आहेत. मिडलंडच्या फेरीत चढणे आणि उतरणे वजा केले तर ३५,००० फुटांवर तुम्ही जेमतेम अर्धा तास असाल. जेटला ज्या उंचीवर राहायचे असते, तिथे तुम्ही त्याला राहूच देणार नाही. जेटमध्ये सगळे काही थोडे लवकर घडते. उतरण्याची आखणी शंभर मैल आधी करावी लागते, वेग कमी करायला प्रॉपेलरचा अडथळा मिळत नाही, आणि एकट्या वैमानिकाने तीन आठवडे सुट्टी घेतली की पहिल्या उड्डाणात त्याचे मन विमानाच्या मागे पळत असते. मी हे उजव्या सीटवरून पाहिले आहे, आणि ती माणसे हुशार होती.

केबिनच्या दाबाबद्दल एक भर घालतो. टीबीएमचा फरक ६.२ पीएसआय आहे. ३१,००० फुटांचा हट्ट न धरता २५,००० फुटांवर उडालात, तर आतली उंची साडेसहा हजार फुटांच्या आत राहते. टर्बोप्रॉपला खाली राहण्याचा दंड कमी असल्यामुळे हे परवडते. आईंचा प्रश्न त्यानेही सुटू शकतो, अर्थात वर ढग कसे आहेत यावर ते अवलंबून राहील, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच आकडा सुरक्षित मानू नका.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मल्टी-इंजिन रेटिंग मला नाही, आणि हा मुद्दा मी स्वतःशीही नीट मांडला नव्हता. पतींना सात मिनिटांचा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी तो कागदावर पुन्हा करून पाहिला आणि उत्तर सातच आले.

बर्फाच्या थराबद्दलचे वर्णन वाचून मात्र मी बराच वेळ थांबले, कारण तो अनुभव माझाही आहे आणि २५,००० फुटांवर तो पूर्ण संपणार नाही हे मला मान्य आहे. तरी वर्षातल्या पन्नास फेऱ्या मिडलंडच्या आणि पाच डेन्व्हरच्या असताना मी पाचांसाठी विमान निवडत होते, हे आता दिसते आहे. सध्या टीबीएमकडे झुकले आहे. ज्या दिवशी डेन्व्हरचा मार्ग बर्फाचा असेल, त्या दिवशी आई विमान कंपनीच्या विमानाने जाईल.

पुढच्या महिन्यात टीबीएमच्या एका मालकाबरोबर त्या ३,८०० फुटांच्या धावपट्टीवर दुपारी दोन वाजता जाऊन यायचे ठरवले आहे. आईलाही नेणार आहे, कारण त्या विमानाच्या दाराच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना जमतात का हे तिथे उभे राहूनच कळेल. हातोडी_पाना, बोअरस्कोपसाठी ह्यूस्टनबाहेरच्या केंद्रात विमान न्यायचे असेल, तर त्या फेरीचे इंधन आणि वैमानिक यांचा खर्च रीतीप्रमाणे खरेदीदाराने द्यायचा की विक्रेत्याने?

हातोडी_पाना

नेण्याचा आणि तपासणीचा खर्च खरेदीदाराने द्यायचा. तपासणीत उडण्यायोग्यतेला बाधा आणणारे जे दोष सापडतील, ते विक्रेत्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. हे वाक्य अनामत रक्कम देण्याआधी करारात लिहून घ्या आणि त्यात गंजाचा उल्लेख वेगळा करा.