देवदूताचे पंख मागे ओढतात, दैत्याची शिंगं डुलतात: शॉर्टफिल्मसाठी सल्ला हवा

पडद्यामागे (बडोदे):
नमस्कार मंडळी. एका मराठी कथेवरून २५ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. कथेत देवदूत आणि दैत्य आहेत, पण त्यांचं वर्णन कुठेच नाही. शूटिंग मे महिन्यात, मांडवीजवळच्या जुन्या वाड्यात. पंखांची जोडी तयार आहे: टोकापासून टोकापर्यंत ८ फूट, वजन साडेपाच किलो, पट्टे खांद्यावर. दहा मिनिटांत नट मागे झुकतो. दैत्याची फायबरची शिंगं मान वळवली की डुलतात आणि मेकअपचं जिलेटिनचं खोटं कपाळ घामाने सुटतं. काय बदलू?

कातरकाम:
पंखांचा सांधा पाठीपासून जितका लांब, तितकी ओढ जास्त. तो चार बोटांहून दूर नको. भार कमरेवर उतरवा: वीतभर रुंद, दीड वीत उंच अशी २ मिमी अॅल्युमिनियमची पाटी पाठीच्या बाकाप्रमाणे वळवा आणि तिला ट्रेकिंगच्या सॅकसारखा कंबरपट्टा जोडा. खांद्याचे पट्टे फक्त तोल धरतील. सांगाड्याला १२ मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची नळी घेतलीत तर मीटरला जेमतेम ९५ ग्रॅम भरतात. पिसं ३ मिमी ईव्हीए फोमची (हलका, लवचिक स्पंजी पत्रा) कापा. कौलं वळचणीपासून आढ्याकडे चढवतात तशी ती खालून वर लावत या. उलट लावलीत तर प्रत्येक ओळीची मुळं उघडी पडतात आणि क्लोजअपमध्ये गोंद चमकतो. सगळं मिळून अडीच किलोत बसायला हवं.

शिंगांना फायबर नकोच. थर्मोकोल कोरा, एकेक शिंग १०० ग्रॅमच्या आत ठेवा. त्याला रबरी सोल्यूशन लावू नका, त्यातलं द्रावक थर्मोकोल खातं. पॉलिएस्टर रेझिनचंही तेच, इपॉक्सी चालतं. मुळाशी तळहाताएवढी बैठक करा आणि ती टक्कल-टोपीखालच्या (केस झाकणारी पातळ मेकअपची टोपी) घट्ट पट्ट्याला शिवा. डुलणं बैठक लहान असल्यामुळेच आहे.

जिलेटिन मे महिन्यात टिकणार नाही, अंगाच्या उष्णतेनेच मऊ पडतं. प्लॅटिनम सिलिकोन (दोन भाग मिसळून जमणारं रबर) वापरा. मात्र साच्याच्या मातीत गंधक असेल किंवा लॅटेक्सचे हातमोजे घातले असतील तर ते चिकटच राहतं, जमतच नाही. मोजे नायट्राइलचे घ्या आणि आधी चमचाभर ओतून बघा.

रंगपेटी:
मी पंखच काढून टाकेन. अजिंठ्याचे उडणारे गंधर्व-विद्याधर बघा: पंख नाहीत. दुमडलेले पाय आणि मागे उडणारी उत्तरीयं, एवढ्यावर ते हवेत असल्याचं पटतं. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात तर देवांची खूणगाठच दिली आहे. स्वयंवरात पाच सारखे नळ (एक खरा, चार देव) उभे असताना दमयंतीने देव कसे ओळखले? त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. तुमच्या उकाड्याच्या वाड्यात याहून चांगली युक्ती नाही! बाकीची पात्रं घामेजलेली, धुळकट, आणि हा एकटा कोरडा. प्रत्येक टेकला ताजी मोगऱ्याची माळ. माणूस मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी लववतो, म्हणून देवदूताचे शॉट ३-४ सेकंदांचे ठेवा. पायांखाली दोन इंचांची काळी फळी, कॅमेऱ्याची चौकट घोट्याच्या वर.

पोशाख शुभ्र नको. उन्हात कॅमेऱ्यात पांढरा जळतो (नुसता पांढरा डाग दिसतो) आणि चुण्या दिसेनाशा होतात. कापड फिक्या चहाच्या पाण्यातून काढा. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून करवून घेतलेली पौराणिक चित्रं फत्तेसिंह म्युझियममध्ये आहेत, एकदा जाऊन या. चेहरे माणसांचे, पण जरीच्या काठावर उजेड कसा पडतो ते निरखून बघा.

आणि कृपया दैत्य म्हणजे काळा रंग असं करू नका. सावळ्या नटाला आणखी काळा करून भीती दाखवणं हा अन्याय आहे. दैत्यासाठी तांब्याचा हिरवट गंज, भेगाळलेली माती असे पोत वापरा.

पडद्यामागे (बडोदे):
पंख काढतोय, मोगरा पटला. दैत्याला सुळे लावले तर ‘च’ आणि ‘ज’ फार बोबडे येतात. तेवढंच उरलं.

कातरकाम:
वरच्या दातांचा ठसा घेऊन दंत-लॅबमधून फक्त दोन सुळ्यांच्या टोप्या करून घ्या, पुढच्या बाजूला १ मिमीहून जाड नकोत. ‘चाक’ आणि ‘जाळ’मधल्या च-जला जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकते. तिथे टोपीचं अॅक्रिलिक आलं की उच्चार गेलाच, म्हणून आतली बाजू पूर्ण मोकळी ठेवा. नटाला दोन दिवस आधीपासून ते लावून संवाद मोठ्याने वाचू द्या.