एका काउन्सेलरचा पगार दोन ग्रँटमध्ये मिळून १२० टक्के. तुम्ही हिशेब कसा ठेवता?

व्हाउचरवाली_गोवंडी

नमस्कार मंडळी. गोवंडीच्या शिवाजीनगरात टीबीवर काम करणारी आमची छोटी संस्था, माणसं बावीस. मी मूळची अकाउंटंट. मागच्या दिवाळीपासून 'ग्रँट मॅनेजर' झालेय, म्हणजे पगार तोच, पाटी नवी. आधीचे सर नाशिकला गेले आणि जाताना एक एक्सेल फाइल हाती ठेवून गेले. नाव 'ग्रँट ट्रॅकर फायनल नवीन ३'. आत चौदा शीट, त्यातल्या दोन लपवलेल्या, एकीला पासवर्ड. तो सरांनाही आठवत नाही.

सध्या पैसे तीन ठिकाणचे. परदेशी फंडरचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सीएसआरवाल्या, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या कंपनीचं एप्रिल ते मार्च. आणि इथल्याच एका ट्रस्टचं वर्ष चेक आला त्या दिवशी सुरू झालं, १७ ऑगस्टला. गाडीचं डिझेल एकच, पण ते एकाकडे 'ट्रॅव्हल', दुसऱ्याकडे 'प्रोग्राम डिलिव्हरी', तिसऱ्याकडे 'वाहन देखभाल'.

गेल्या महिन्यात फटका बसला. आमची एक काउन्सेलर आहे, घरोघरी जाऊन गोळ्या चुकल्या का ते बघते. तिचा पगार परदेशी ग्रँटमध्ये ६० टक्के लावलेला. ट्रस्टच्या ग्रँटमध्येही ६० टक्के. दोन्ही अहवाल गेलेले. सीएंनी कागदावर पेन्सिलनं १२० लिहून भोवती गोल काढला आणि काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आम्ही दोन्हीकडे पत्रं पाठवली, ट्रस्टनं पुढच्या हप्त्यातून तेवढी रक्कम वळती केली. चोरी नव्हती. दोन बजेटं दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वर्षी लिहिली, एवढंच. पण हे फोनवर समजावताना आपलाच आवाज चोरासारखा येतो हो.

मॅडम म्हणतात सॉफ्टवेअर घेऊ. डेमो पाहिला, रंगीत चकत्या छान फिरतात. वर्षाचं भाडं आमच्या एका आउटरीच वर्करच्या पाच महिन्यांच्या मानधनाएवढं. ते कुठल्या ग्रँटच्या कुठल्या हेडखाली टाकायचं असं विचारलं तर तो मुलगा नुसता हसला. घ्यावं का?

जमाखर्च_परळ

ताई, बारा वर्षं हेच करतोय, कॅन्सर रुग्णांसाठीच्या एका संस्थेत. इतक्यात नका घेऊ. हिशेबाचं टॅली असेलच तुमच्याकडे. त्यात कॉस्ट सेंटर चालू करा, म्हणजे प्रत्येक खर्चाला तो कुणाच्या पैशातला याची खूण लागते. लेजर, म्हणजे खर्चाचं खातं, तुमचं स्वतःचं ठेवा, डिझेल म्हणजे डिझेल. ग्रँट म्हणजे कॉस्ट सेंटर. कोणता फंडर डिझेलला काय म्हणतो ते एका वेगळ्या शीटवर लिहा, अहवाल काढताना फक्त ते बघायचं. टॅलीत कुठल्याही तारखेपासून कुठल्याही तारखेपर्यंतचा हिशेब निघतो, तेव्हा १७ ऑगस्टला घाबरायचं कारण नाही.

खरी मेख व्हाउचर लिहितानाच आहे. आम्ही स्टेशनबाहेरच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला: ग्रँट, हेड, टक्के, सही. ज्यानं खर्च केला त्यानंच त्याच दिवशी भरायचा. रकाना रिकामा असेल तर मी पैसे देत नाही. पहिले दोन महिने सगळे माझ्यावर खार खाऊन होते. पण महिनाअखेरीला आठवून आठवून भरायला बसलात, की ज्या ग्रँटमध्ये पैसे उरलेत तिकडेच सगळं डिझेल वाहत जातं. हे पाप मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

परदेशी पैशाची गोष्ट वेगळी, तिथे माफी नाही. तो दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या) खात्यातच येतो. तिथून इथल्या युटिलायझेशन खात्यात, म्हणजे खर्चाच्या खात्यात आणता येतो, पण त्यात देशी एक रुपयाही मिसळायचा नाही. त्यावरचं व्याजसुद्धा परदेशीच धरतात, एफसी-४ या वार्षिक विवरणपत्रात दाखवायला लागतं. शिवाय कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात येत नाही, हिशेब सांभाळण्याचा खर्च येतो. म्हणजे तुम्ही आणि तुमचं सॉफ्टवेअर दोघंही त्या वीसमध्येच!

बैंगनवाडी_फील्ड

आता कोणीतरी टाइमशीट सुचवणार, म्हणून मी आधीच हात वर करते. आम्हा फील्डच्या बायकांकडे निक्षयची (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलची) नोंद आहे, घरभेटीचं रजिस्टर आहे, मूव्हमेंट रजिस्टर आहे. आईला टीबी, ती एका ग्रँटमध्ये. पोराला प्रतिबंधक गोळ्या, तो दुसऱ्या ग्रँटमध्ये. दोघं एकाच दहा बाय दहाच्या खोलीत, एकाच खाटेवर. घड्याळ लावून बसू का मी?

आमच्याकडे मागे ऑफिसनं तासांचा तक्ता दिला होता. तो आम्ही २९ तारखेला चहा पिता पिता भरायचो, सगळ्या जणी सारखाच. मग आमच्याच एकीनं सुचवलं, घरभेटीच्या रजिस्टरात नावापुढे ठिपका काढू, निळा म्हणजे ही ग्रँट, लाल म्हणजे ती. महिनाअखेरीला ऑफिसनं ठिपके मोजावेत, त्यावर पगाराचे टक्के लावावेत. आम्हाला जास्तीचं काम एका पेनाचं. फक्त पेनं ऑफिसनं द्यावीत, आमची लाल पेनं पोरं शाळेत नेतात.

टेबलापलीकडचा

मी एका कंपनीत सीएसआर बघतो, म्हणून दुसरी बाजू. मार्चमध्ये आम्ही फोन करून जीव खातो त्याला कारण आहे. मंजूर केलेले पैसे ठरल्याप्रमाणे वापरले गेले असं आमच्या सीएफओला, म्हणजे वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावे लागतात. तुम्ही जानेवारीत सांगितलंत की इतके उरतील, तर मार्ग निघतो. २८ मार्चला सांगितलंत तर मीही अडकतो.

आणखी एक. प्रशासकीय खर्च ५ टक्केच, असं अनेक संस्थांना ऐकवलं जातं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर चालवण्याच्या खर्चाला आहे, संस्थेच्या खर्चाला नाही. करारात काय लिहिलंय ते वाचा आणि हिशेबाच्या माणसाचा पगार प्रस्तावातच मागा. न मागणारे फार भेटतात.

दादर_कबुतर

आम्ही घेतलं सॉफ्टवेअर. लॉगिन एकाच मुलीला येत होतं. ती बाळंतपणाच्या रजेवर आहे. सध्या एक्सेल.

व्हाउचरवाली_गोवंडी

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दीड महिना लागला, मध्ये ऑडिट होतं.

शिक्का झाला. मॅडमनी स्वतःच्या टॅक्सीचं बिल शिक्का न मारता पाठवलं, मी परत केलं. दोन दिवस ऑफिसात शांतता होती, मग बिल भरून आलं. टॅलीचं कामही परळच्या दादांनी सांगितलं तसंच केलं, फक्त जुनी व्हाउचरं एप्रिलपासून पुन्हा टॅग करताना दोन रविवार गेले.

ठिपके काउन्सेलरला लगेच पटले. पहिल्या पूर्ण महिन्याचे मोजले: निळे ८७, लाल ३९. म्हणजे ६९ आणि ३१. साठ-साठ तर नाहीच, पण दुरुस्तीच्या पत्रात आम्ही अंदाजानं लिहिलेलं पन्नास-पन्नासही नाही. आता ते पुन्हा कळवायचं का, यावर मॅडमचं आणि माझं जमत नाहीये. मी म्हणते कळवू, त्या म्हणतात अजून दोन महिन्यांचे ठिपके येऊ देत.

आणि पासवर्ड सापडला. सरांना सहज फोन केला होता, तर म्हणाले माझ्या जुन्या स्कूटरचा नंबर टाकून बघ. शीट उघडली. आत काउन्सेलरचं नाव, पुढे ६० आणि ४०, आणि शेजारच्या चौकटीत सरांनी लिहिलेलं: 'दुसऱ्या ग्रँटचं बजेट बदलून घेणे, मॅडमना सांगणे.' तारीख दोन वर्षांपूर्वीची.

परळचे दादा, हे सीएंना दाखवू का?