वसतिगृहात वर्णद्वेषाचा प्रकार झाल्यावर मुलांची बैठक कशी घ्यावी?

वसतिगृह_व्यवस्था यांचा प्रश्न:

पुण्यातलं वसतिगृह, २२० विद्यार्थी. त्यात मणिपूर, नागालँड, अरुणाचल आणि आसामची मिळून २६ मुलं-मुली, लडाखचे ३. कॉमन किचनमधल्या वासावरून कुरबुर सुरू झाली, ती ‘चिंकी’, ‘मोमो’, ‘आपल्या देशात परत जा’ इथपर्यंत पोचली. परवा एका खोलीच्या दारावर मार्करने तसंच काहीतरी लिहिलेलं सापडलं. लेखी तक्रार अजून कोणी दिलेली नाही.

व्यवस्थापनाचं म्हणणं असं की सगळ्यांना सभागृहात बोलवावं, एकमेकांची माफी मागायला लावावी, शेवटी ईशान्येच्या मुलांचं लोकनृत्य ठेवावं आणि विषय मिटवावा. हे पटत नाही, पण त्याऐवजी काय करायचं ते नेमकं मांडता येत नाहीये. किती जणांना बसवायचं, बैठक कोणी चालवायची, काय विचारायचं? आणि आधी बैठक की आधी तक्रार? दोन आठवडे हातात आहेत.

---

गोलबैठक:

लोकनृत्य आधी रद्द करा. ज्यांना टोचून बोललं गेलं त्यांनीच नटूनथटून बाकीच्यांची करमणूक करायची, हा कुठला न्याय?

सभागृहात २२० जण म्हणजे भाषण होतं, बोलणं होत नाही. गोल करून बसायला १० ते १४ जण पुरे. हिशेब साधा आहे. १२ जण, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे एक फेरी ३६ मिनिटांची. तीन फेऱ्या, सुरुवात, मध्ये चहा धरून अडीच तास होतात. पंधराच्या वर गेलात की शेवटच्या फेरीत लोक घड्याळ बघतात आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट तेव्हाच निघते.

पहिली बैठक मिश्र नको. आधी ज्यांना त्रास झाला ते वेगळे बसतील, रेक्टर आणि वॉर्डन बाहेर. त्याच आठवड्यात इथल्या मुलांची वेगळी बैठक. मिश्र बैठक त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, तीही पहिल्या गटाला हवी असेल तरच. घाईने मिश्र बसवलं की एकच गोष्ट होते: ‘आमचा तसा हेतू नव्हता’ असं दहा जण म्हणतात, आणि दुखावलेल्या मुलाला उलट त्यांचीच समजूत काढावी लागते.

आता सगळ्यात नाजूक भाग. २६ जणांना ‘ईशान्येची मुलं’ म्हणून एका गोलात बसवू नका. मणिपुरात ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी समाजांत जे घडलं आहे, त्यात या मुलांपैकी कोणाचं घर जळालेलं असू शकतं, कोणाचे नातेवाईक मदत छावणीत असू शकतात. पुण्यात त्यांना एकाच शिवीने हाक मारली जाते म्हणून ती एका गटाची होत नाहीत. प्रत्येकाला एकेकटं गाठून दोन प्रश्न विचारा: बसायची इच्छा आहे का, आणि कोणाबरोबर बसणं जमणार नाही? कारण विचारू नका. गरज पडली तर दोन-तीन गोल करा. लडाखच्या तिघांनाही गृहीत धरू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या.

चालवायला दोघे हवेत, एकाने भागत नाही. एक जण फेरी सांभाळतो, दुसरा कोणी उठून बाहेर गेलं तर मागे जातो. त्यातला निदान एक जण संस्थेचा पगारी माणूस नसावा. हातात धरायला एखादी साधी वस्तू ठेवा, ती ज्याच्या हातात तोच बोलेल. ही पद्धत उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांच्या बैठकींतून आलेली आहे आणि तिचा खरा उपयोग बोलणाऱ्यापेक्षा इतरांना गप्प ठेवायला होतो. वस्तू न बोलता पुढे देण्याची मुभा सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. पहिल्या फेरीत निम्मे जण पुढे देतील. देऊ द्या.

‘तुमच्यावर काय अन्याय झाला ते सांगा’ असं विचारलंत तर सगळे गप्प बसतील किंवा एक जण कोसळेल. पहिल्या फेरीला हलका प्रश्न ठेवा: या शहरात कुठे गेल्यावर निर्धास्त वाटतं? दुसरीत: गेल्या महिन्यात रोजच्या वागण्यात काय बदललं? (मेसला जायची वेळ, रस्ता, कानात हेडफोन घालणं, अशा गोष्टी यात आपोआप येतात.) तिसरीत: येत्या तीस दिवसांत वसतिगृहाने कोणती एक गोष्ट करावी? तिसऱ्या फेरीची उत्तरं त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा, नावं न लिहिता.

भाषेचंही बघा. अनेकांची हिंदी तिसरी किंवा चौथी भाषा असते आणि संतापलेला माणूस चौथ्या भाषेत नीट बोलू शकत नाही. दोघांच्या जोडीने बसून एकाने दुसऱ्याचं सांगणं भाषांतर केलं तरी चालतं, फक्त वेळ दीडपट धरा. बैठक चालवणाऱ्या दोघांनी आपसात मराठीत कुजबुजू नये. खुर्च्या सारख्या उंचीच्या, दार सगळ्यांना दिसेल असं. फोटो नाही, हजेरीपट नाही.

---

मनाचा_दवाखाना:

वरच्याला जोड देते. या बैठकीला उपचार समजू नका. धक्कादायक प्रसंगानंतर सगळ्यांना एकदाच बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणण्याची पद्धत एकेकाळी फार चालायची. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) दिसलं की अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींना उलट त्रास वाढतो. कारण उघड आहे. माणूस पुन्हा त्या प्रसंगात जातो, आणि वेळ संपली म्हणून त्याला तिथेच सोडून सगळे उठतात. म्हणून सक्ती नको आणि तपशील खोदणं नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतलं सूत्र पुरेसं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. तिसरा शब्द विसरला जातो. जोडून द्यायचं म्हणजे समुपदेशकाची वेळ ठरवून देणं, घरी फोन लावून देणं, सोबतीला कोणीतरी नेमणं.

वर्णद्वेषाच्या जखमेचं एक वेगळेपण आहे. अपघात एकदा होतो आणि संपतो, हे मात्र रिक्षात, दुकानात, परीक्षेच्या रांगेत पुन्हा पुन्हा होतं. मार्च २०२० मध्ये ईशान्येच्या लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं. ऑगस्ट २०१२ मध्ये नुसत्या अफवांवर बेंगळुरू आणि पुण्यातून हजारो जण रेल्वेगाड्या भरून गावी निघाले. दारावरचा मार्कर या सगळ्यावर येऊन पडतो. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. शरीर पुढच्या प्रसंगाची वाट बघत सावध राहतं. झोप तुटते, पाठीमागे कोणी हसलं तरी दचकायला होतं, एकट्याने बाजारात जाणं बंद होतं. हे महिनाभर टिकलं, किंवा वर्ग आणि जेवण सुटायला लागलं, तर थांबू नका, तज्ज्ञाकडे पाठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

बैठकीत कोणी एकदम गोठून गेलं, नजर शून्यात, उत्तर नाही, तर ‘शांत हो’ म्हणू नका, हात लावू नका. फेरी थांबवा. पाय जमिनीला टेकवायला सांगा, खोलीतल्या चार वस्तूंची नावं विचारा, पाणी द्या. बैठकीनंतर ४८ तासांत प्रत्येकाला एकदा फोन, आणि पुन्हा दोन आठवड्यांनी. त्या फोनला माणूस नसेल तर बैठकच पुढे ढकला.

---

कलम_आणि_कागद:

आधी तक्रार की आधी बैठक? दोन्ही वेगळ्या वाटा आहेत, एकीमुळे दुसरी अडवू नका. बैठक ही तक्रार मागे घेण्याची अट कधीच होऊ शकत नाही. आणि एक काम आज करा: दार रंगवण्यापूर्वी त्याचे फोटो काढा, तारीख-वेळेसह, दोन साक्षीदारांसमोर. पुरावा नेहमी स्वच्छतेच्या उत्साहात जातो.

यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. वर्ण, वंश, प्रादेशिक मूळ, भाषा यांवरून शारीरिक किंवा मानसिक छळ करणं, वाळीत टाकणं, हे तेव्हापासून रॅगिंगमध्ये येतं. ते फक्त नव्या विद्यार्थ्याबाबतच असतं असंही नाही. प्रकार फौजदारी स्वरूपाचा असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. ‘लेखी तक्रार आली नाही’ ही सबब तिथे लंगडी पडते. विद्यार्थी थेट रॅगिंगविरोधी हेल्पलाइनच्या १८००-१८०-५५२२ वरही कळवू शकतो.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबद्दल इथे हमखास घोळ होतो. ‘तो अनुसूचित जमातीचा असेल तर त्याच्या राज्यात, इथे नाही’ असं पोलीस ठाण्यातही ऐकायला मिळतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये हा मुद्दा निकाली काढला आहे: या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं. पण मर्यादाही लक्षात घ्या. कलम ३(१)(आर) आणि (एस) साठी अपमान ‘लोकांना दिसेल अशा ठिकाणी’ व्हावा लागतो, आणि आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असून चालत नाही. मैतेई समाज अनुसूचित जमातींत नाही, त्यामुळे एकाच शिवीसाठी नागा मुलाला हा कायदा लागू होईल आणि मैतेई मुलाला सहसा होणार नाही. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं बघावी लागतात: ३५२ (शांतताभंगासाठी चिथावणारा अपमान), ३५१ (धमकी), आणि प्रकरण गटागटांतल्या वैरापर्यंत गेलं तर १९६.

निव्वळ वांशिक शिवीगाळीसाठी वेगळं कलम असावं, अशी शिफारस बेझबरुआ समितीने २०१४ मध्येच केली होती. दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यावरून ही समिती नेमली गेली. समितीने दंडसंहितेत १५३-सी आणि ५०९-ए अशी दोन कलमं सुचवली. ती कधी आली नाहीत, आणि १ जुलै २०२४ ला संहिताच बदलली.

---

दोन्हीकडचा:

इथल्या मुलांच्या बैठकीत एक गोष्ट हमखास निघेल, तयारी ठेवा. एखादा दलित किंवा आदिवासी मुलगा म्हणेल, ‘हे आमच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, तेव्हा कोणी गोल करून बसवलं नाही.’ ते खरं असतं. त्याला गप्प करू नका. पण ‘कोणाचं दुःख मोठं’ याचा तराजूही काढू नका. त्याचं म्हणणं कागदावर स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा, आणि त्यावर वेगळी बैठक लावण्याची तारीख तिथल्या तिथे सांगा.

आणि ‘वर्णद्वेष तो अमेरिकेतला, आपल्याकडचा नव्हे’ असं कोणी म्हणालं तर आठवण करून द्या की १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आपल्या संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं होतं. साम्य तेव्हाच ओळखलेलं आहे.

---

वसतिगृह_व्यवस्था:

सगळ्यांचे आभार. दाराचे फोटो घेतले. लोकनृत्य रद्द झालं. पण व्यवस्थापन माफीवर अडून बसलंय, ‘दक्षिण आफ्रिकेत नाही का सगळ्यांनी माफ केलं’ असा दाखला देतात.

---

सत्य_आयोग_वाचक:

तिथे असं काही झालं नव्हतं. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथे अत्याचारांची नोंद घ्यायला सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. आयोगाचा कायदा १९९५ चा, पहिली सुनावणी एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात. एकवीस हजारांवर पीडितांनी निवेदनं दिली, जाहीर सुनावणीत त्यातले सुमारे दोन हजारच बोलले. बाकीच्यांचं ऐकून, नोंदवून घेतलं गेलं, व्यासपीठावर आणलं नाही. तुमच्या सभागृहाला एवढं उत्तर पुरे आहे.

माफीचा मामलाही उलटा होता. माफी मागण्याची सक्ती गुन्हेगारांवरसुद्धा नव्हती. कायदेशीर सूट हवी असेल तर काय केलं ते पूर्ण सांगणं ही अट होती. सात हजारांवर अर्ज आले, मंजूर झाले ८४९. आणि पीडितांनी माफ करावं अशी अट कुठेच नव्हती.

साक्षीदाराच्या शेजारी आयोगाने एक सोबती बसवलेला असे. तो साक्षीच्या आधी भेटायचा, साक्षीच्या वेळी बाजूला असायचा, नंतरही सोबत असायचा. हे जसंच्या तसं उचला.

जे बिघडलं तेही बघा. आयोगाने सहा वर्षं दरवर्षी भरपाई द्या असं सुचवलं होतं. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड देऊ केले. ज्यांनी मन उघडं केलं त्यांना हातात काय मिळालं, हा राग तिथे अजून आहे. तुमच्याकडे तिसऱ्या फेरीचा कागद बनणार आहे. त्यातल्या किमान दोन गोष्टी तीस दिवसांत होणार नसतील तर तो प्रश्न विचारूच नका.

---

गोलबैठक:

मान्य. माफी हवीच असेल तर ती संस्थेने लिहावी, मुलांकडून वदवून घेऊ नये. त्यात काय लिहिलं गेलं, कधी, संस्थेने कळूनही किती दिवस काय केलं नाही, आणि आता कोण कोणत्या तारखेपर्यंत काय करणार, हे हवं. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे वाक्य दिसलं की मसुदा परत पाठवा.

आणि भांडण जिथे सुरू झालं ते किचन विसरू नका. ङारी (मणिपूरची आंबवलेली मासळी) आणि अखुनी (नागांचं आंबवलेलं सोयाबीन) शिजवताना वास येतोच, सुकट भाजताना येतो तसाच. खिडकीत एक एक्झॉस्ट पंखा, दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग, आंबवलेल्या पदार्थांसाठी झाकणाचे डबे आणि वेगळा कप्पा. शिजवायच्या वेळांचा तक्ता लावणार असाल तर त्यावर सुकट आणि बोंबीलही लिहा, नुसती ङारी नको.