गालिचा, मांजर आणि शिंका: तुमचे अनुभव सांगा

फुलपात्र
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून गालिचा काढला. आमचा बंड्या बोका फेब्रुवारीत गेला तेव्हा गुंडाळून वर टाकला होता, त्याची झोपायची जागा बघवत नव्हती. परवा हॉलमध्ये अंथरला. संध्याकाळी नणंद आली, भाचा त्यावर पालथा पडून मोबाईल बघत बसला. अर्ध्या तासात शिंकांची लड सुरू, डोळे सुजून बारीक. "वहिनी, नवीन मांजर आणलंत का?" अगं, बोका जाऊन आठ महिने झाले!

मग उन्हात नेऊन बघितलं तर भगवे केस विणीत घुसून बसलेले. बंड्या असताना मी रोज व्हॅक्यूम फिरवायची आणि स्वतःवर खूश असायची. भाऊबीजेला सगळे परत येणार आहेत. गालिचा टाकवत नाही. तुम्ही काय काय केलंत ते लिहा, नुसत्या गोष्टी सांगितल्यात तरी चालेल.

चहाबाज
भांडी घासायचे रबरी हातमोजे. जरासे ओले करून एकाच दिशेने ओढा, केसांची वळकटी निघते. आमच्या लॅब्रेडॉरच्या एका आठवड्याच्या केसांत दुसरा लॅब्रेडॉर होईल.

हळदुली
बंड्या गेला?? तुमच्या मोदकांच्या फोटोत मागे बसलेला तोच ना? वाईट वाटलं.

निशिगंधा
हातमोजे +१, काच पुसायचा रबरी वायपरही चालतो. पण केस काढून शिंका थांबतील असं नाही हो. त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, ते अंग चाटताना केसांना लागतं, वाळतं आणि इतकं बारीक होऊन उडतं की तासन्‌तास हवेत तरंगतं. मांजर गेल्यावरही महिनोन्‌महिने घरात राहतं. तुम्ही तर गुंडाळून लोणच्यासारखं मुरवलंत.
आणि साधा व्हॅक्यूम असेल तर पुढून ओढलेली बारीक धूळ मागून हॉलमध्येच सोडतो. हेपा फिल्टरचा बघा, म्हणजे ती बारीक धूळ आतच अडते. आमच्या पहिल्या व्हॅक्यूमने सासऱ्यांचा खोकला वाढवला होता, मग समजलं.

फुलपात्र
हो हळदुली, तोच. मोदक पळवायचा टपून बसलेला.
निशिगंधा, म्हणजे मी रोज शिंकाच घरभर पसरत होते तर.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीत भाड्याचं घर, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. आम्ही काही पाळलेलं नाही. आई सांगलीहून आली आणि तिसऱ्या दिवशी दम्याचा पंप बाहेर. चौकशी केली तर आधीच्या भाडेकरूच्या दोन मांजरी! दुकानातून कार्पेट धुवायचं यंत्र भाड्याने आणलं, हौसेने भरपूर पाणी ओतलं. दोन दिवस वाळेना. आई म्हणाली, घराला ओल्या मोतीचा वास येतोय (मोती आमचा गावचा कुत्रा). शेवटी मालकाच्या मागे लागून बेडरूममधलं कार्पेट उखडून लाकडी फरशी करून घेतली. तिथे आई शांत झोपली. हॉलमधलं तसंच आहे. पाणी कमी वापरा आणि पंखे लावा, एवढंच सांगते.

गडगा
कोकणात गालिचा? जुलैत सतरंजीलासुद्धा बुरशी येते आमच्याकडे. मांजर चुलीपाशी, कुत्रा पडवीत, जमीन सारवलेली. आजी सकाळी केरसुणी फिरवायची, केस उकिरड्यावर. विषय संपला.

डोंबिवलीकर
गडगा, आमच्या वन बीएचकेत पडवी कुठून आणू ते पण सांगा 😀

आडवाटेची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. माझी चूक वाचा. लेकीला सतत सर्दी, सगळ्यांनी खापर मांजरावर फोडलं. तीन वर्षं ऐकून घेतलं आणि मनीला मावशीकडे साताऱ्याला पाठवलं. लेक आठवडाभर जेवली नाही. सर्दी तशीच. मग हातावर थेंब टाकून टोचायची ॲलर्जीची टेस्ट केली. पंधरा-वीस मिनिटांत धुळीतल्या किड्यांच्या थेंबाला ही एवढी गांधी, मांजराच्या थेंबाला काही नाही! ते किडे डोळ्यांना दिसत नाहीत, माणसाच्या कातडीचा कोंडा खातात, गादीत नि गालिच्यात राहतात. आता चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांवर धुते, गालिचा देऊन टाकला.
मनी परत आली नाही. मावशी देत नाही. शिट्टी झाली, येते.

चहाबाज
मावशीचं बरोबर आहे.

निशिगंधा
आडवाटेची, टेस्टचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मांजर घालवायच्या आधी ती करायला हवी.

मी_मधुरा
आम्ही मांजरालाच अंघोळ घालून पाहिली. नवऱ्याच्या हातावर अजून खुणा आहेत. आणि आठवड्यात ते प्रथिन पुन्हा जैसे थे होतं म्हणे. रक्त सांडून सात दिवस.

डोंबिवलीकर
व्हॅक्यूमच्या फिरत्या ब्रशला केस आवळून बसतात ना, ते शिवणाच्या डब्यातल्या टाके उसवायच्या हत्याराने कापा. बायकोचं घेतलं होतं, तिला सांगू नका.
खायचा सोडा भुरभुरवून वास जातो. शिंका जात नाहीत, करून बघितलंय.

हळदुली
गालिच्यापेक्षा सोलापुरी सतरंजी बरी. बादलीत मावते, धोपटता येते, दोरीवर वाळते. माझ्या लग्नातली २२ वर्षं झाली, दोन कुत्री आणि एक नवरा पचवून शाबूत आहे.

फुलपात्र
काल सकाळी तोंडाला रुमाल बांधून गालिचा गच्चीत कठड्यावर टाकला आणि जुन्या बॅडमिंटनच्या रॅकेटने धोपटला. काय ढग उठला! पाचव्या मिनिटाला खालून काकूंची हाक, "अगं कोण ते? माझे चिवड्याचे पोहे उन्हात आहेत!" त्यांच्या गॅलरीत दोन परातींवर बंड्या उतरला होता. पातळ पोहे, दीड किलो. नवीन आणून दिले.
गालिचा धुवायला दिलाय. भाऊबीजेपुरती तरी सतरंजीच अंथरते.

गडगा
काकूंनी जुने पोहे टाकले ना नक्की?

फुलपात्र
टाकले म्हणाल्या. पण संध्याकाळी फोडणीचा वास आला होता.

मी_मधुरा
आमच्याकडे चिवडा पाठवू नका ताई 😂
कुणाची चकली तेलात विरघळतेय का? माझी दुसरी खेप वाया गेली.

हळदुली
मोहन जास्त झालं असेल. थोडी कोरडी भाजणी मिसळ आणि परत मळ.