लॅटिन शब्दप्रयोगांची यादी पाठ होईना: कोर्टातले आणि औषधाच्या चिठ्ठीवरचे

विजापूर_वेस

नमस्कार मंडळी. एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे, बी.ए.पर्यंत सगळं मराठीतून झालंय. लॅटिन शब्दप्रयोगांची दोनेकशेची यादी मिळालीय, समोर इंग्रजी अर्थ. पाठ करायलोय पण राहीना. 'इन कॅमेरा', 'इन रेम', 'इन टोटो' सगळं एकमेकांत मिसळायलंय. आणि इंग्रजी अर्थ वाचूनही कोर्टात तो शब्द कधी वापरतात ते कळत नाही. 'एक्स पार्टे' म्हणजे 'फ्रॉम वन साइड'. बरं, मग पुढं काय?

धाकटा भाऊ डी.फार्म.ला (औषधनिर्माण पदविकेला) आहे. त्याच्याकडं तसलीच दुसरी यादी, औषधाच्या चिठ्ठीवरची: ओडी, बीडी, टीडीएस, एचएस. त्याचंही कुणी सांगितलं तर बरं.

आधी कुठले करावेत, लक्षात ठेवायची काही रीत आहे का, आणि उच्चार कुठला धरायचा? सुओ मोटो, सुमोटो, सुओ मोटू, तिन्ही कानावर आलेत.

सातरस्ता

यादी अकारविल्हे आहे म्हणून घोळ होतोय. ती फोडा आणि पहिल्या शब्दावरून गट करा. बऱ्याच शब्दप्रयोगांची सुरुवात एका छोट्या अव्ययाने होते. अशी सात-आठ अव्ययं पक्की केलीत तर यादीचा मोठा भाग आपोआप उलगडतो.

'एक्स' म्हणजे -मधून, -मुळे, -कडून. एक्स ऑफिशिओ: पदामुळे, म्हणजे पदसिद्ध. एक्स ग्रेशिया: मेहेरबानीतून, म्हणजे सानुग्रह. कायद्याने देणं लागत नसताना दिलेली रक्कम ती सानुग्रह, त्यामुळे नुकसानभरपाईसारखा तिच्यावर सहसा हक्क सांगता येत नाही. एक्स पार्टे: एकाच बाजूकडून. तुम्ही विचारलंत 'पुढं काय', तर दिवाणीत हा शब्द दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ उघडून शेजारी ठेवा.

पहिली जागा आदेश ९. समन्स बजावूनही प्रतिवादी आला नाही तर नियम ६ खाली दावा एकतर्फी चालतो. तसा हुकूमनामा झाला तर नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो. कारणं दोनच: समन्स नीट बजावलंच गेलं नाही, किंवा गैरहजेरीला पुरेसं कारण होतं. मुदत ३० दिवस, मुदत कायद्याचा अनुच्छेद १२३. हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्सच बजावलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून.

दुसरी जागा आदेश ३९ नियम ३. इथे समोरचा गैरहजर राहिलेला नसतो, त्याला अजून नोटीसच गेलेली नसते. नोटीस देईपर्यंत भिंत पाडली जाईल अशी परिस्थिती असेल तर कोर्ट कारणं नोंदवून एकतर्फी मनाई देतं. मग अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांच्या प्रती विरुद्ध पक्षाला लगेच पाठवायच्या आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. नेमकं हेच राहून जातं आणि पुढे त्यावरूनच मनाई उठवून मागतात. नियम ३-अ प्रमाणे असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. म्हणजे शब्द एकच, पण एका ठिकाणी समोरच्याची चूक असते, दुसऱ्या ठिकाणी नसते. परीक्षेत हा फरक लिहिलात तर तुमचं उत्तर वेगळं दिसेल.

'इन' म्हणजे -मध्ये किंवा -वर. इन कॅमेरा: दालनात, बंद दाराआड. फोटोच्या कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही, उलट तो बाहेर ठेवायचा. इन टोटो: संपूर्ण. इन लिमिने: उंबरठ्यावरच, म्हणजे याचिका दाखल करून घेतानाच फेटाळली. इन रेम म्हणजे वस्तूवरचा निर्णय, तो साऱ्या जगाला बांधतो, जसं प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला). इन पर्सोनम फक्त पक्षकारांना बांधतो, जसा हातउसन्या पैशाच्या वसुलीचा दावा.

'पर' म्हणजे -मागे, -द्वारे. यातली एक जोडी आकडे घालूनच करा: पर कॅपिटा म्हणजे डोईमागे, पर स्टर्पीज म्हणजे शाखेमागे. समजा एकजण मृत्युपत्र न करता वारला. मागे एक मुलगा हयात आहे आणि आधीच वारलेल्या दुसऱ्या मुलाचे दोन मुलगे आहेत. दुसरं कुणी वारस नाही, मिळकत स्वकष्टार्जित. डोईमागे वाटली असती तर तिघांना १/३. पण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम १० शाखेमागे वाटतं. हयात मुलाला १/२, आणि दुसऱ्या शाखेचा १/२ दोघा नातवांत, म्हणजे प्रत्येकी १/४. पर इनक्यूरियम याच गटातला: लागू असलेला कायदा किंवा बंधनकारक निवाडा नजरेआड करून दिलेला निर्णय.

बाकीचे भराभर. अ‍ॅड म्हणजे -साठी, -नुसार: अ‍ॅड हॉक तदर्थ, अ‍ॅड व्हॅलोरेम मूल्यानुसार (बऱ्याच दाव्यांत कोर्ट फी अशीच लागते), गार्डियन अ‍ॅड लायटेम त्या दाव्यापुरता पालक, आदेश ३२. डी म्हणजे -पासून, -नुसार: डी फॅक्टो वस्तुतः, डी ज्युरे कायद्याने, डी नोव्हो पुन्हा पहिल्यापासून. सब ज्युडिसी म्हणजे न्यायप्रविष्ट.

रेस सब ज्युडिसी आणि रेस ज्युडिकाटा यांत मात्र गल्लत करू नका. पहिलं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०: तोच वाद आधीच्या दाव्यात अजून चालू आहे, म्हणून नंतरचा दावा थांबवायचा. दुसरं त्याच संहितेचं कलम ११: त्याच पक्षकारांतला तोच मुद्दा सक्षम कोर्टाने ऐकून कायमचा ठरवलाय, म्हणून नवा दावा चालवायचाच नाही. दहा थांबवतं, अकरा अडवतं.

रिट (वरच्या न्यायालयांचे विशेष आदेश) शेवटी करा, कारण जिल्हा न्यायालयात त्यांचं काम पडत नाही. ते देतात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च आणि २२६ खाली उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडं आहे, त्यामुळे इथल्या रिटना आता मुंबई गाठावी लागत नाही. हेबियस कॉर्पस 'देह हजर कर', मँडॅमस 'आम्ही हुकूम देतो', क्वो वॉरंटो 'कुठल्या अधिकाराने?'. तिन्ही चक्क बोललेली वाक्यं आहेत, तशीच लक्षात ठेवा.

कन्ना_चौक_मेडिकल

धाकट्या भावासाठी लिहितो.

चिठ्ठीवरची यादी त्यामानाने छोटी आहे, पण तिथली चूक अपिलात दुरुस्त होत नसते. सगळ्यात वर जे 'आरएक्स' असतं ते रेसिपे, म्हणजे 'घे'. ओडी: दिवसातून एकदा, ओम्नी डिए. बीडी: दोनदा, बिस इन डिए. टीडीएस: तीनदा घ्यावं, टेर डिए सुमेंडम. क्यूआयडी: चारदा. एचएस: होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. एसी आणि पीसी: आन्टे सिबम जेवणाआधी, पोस्ट सिबम जेवणानंतर. स्टॅट: स्टाटिम, आत्ताच्या आत्ता आणि एकदाच. एसओएस: सी ओपस सिट, गरज पडली तर. त्याचा जहाजाच्या संकेताशी काही संबंध नाही. पीआरएन म्हणजेही साधारण तेच.

आता घोळ कुठे होतात ते.

ओडी: डोळ्यांच्या चिठ्ठीवर हेच ओक्युलस डेक्स्टर, म्हणजे उजवा डोळा. 'थेंब १, ओडी' एवढंच लिहिलं असेल तर दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात, हे अक्षरांवरून ठरत नाही. अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. डावा डोळा ओएस, दोन्ही ओयू.

क्यूडी: रोज एकदा. घाईतल्या अक्षरात ते क्यूआयडी वाचलं जातं आणि डोस चौपट होतो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) २००४ साली 'वापरू नका' अशी यादी काढली, तिच्यात क्यूडी आहे. एचएसवरही आक्षेप आहे, कारण काहीजण ते 'हाफ स्ट्रेंग्थ' असं वाचतात.

टीडीएस आणि 'दर ८ तासांनी' एक नाही. टीडीएस म्हणजे जागेपणी तीनदा, बहुधा जेवणाच्या वेळा धरून. क्यू८एच म्हणजे घड्याळ लावून, उदा. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. अँटिबायोटिकला हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

एसी म्हणजे ताटावर बसताना नव्हे. पँटोप्राझोल नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. उलट डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन पीसी, नाहीतर पोटात जळजळ ठरलेली.

नुसतं एसओएस लिहिणं अर्धवट आहे. दोन गोळ्यांतलं अंतर आणि दिवसाची कमाल मर्यादा सोबत हवी. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एसओएस: मोठ्या माणसाला निदान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कदापि नाही. यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर मर्यादा आणखी खाली, ती डॉक्टर सांगतील. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजायचं.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा असते. 'ओडब्ल्यू' लिहिलेलं ओडी वाचून रोज दिली गेली तर रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. तिथे अक्षरं नकोतच, वार लिहायचा: 'फक्त रविवारी'.

ही लॅटिन अक्षरं डॉक्टर आणि दुकानदार यांच्यातली आहेत, पेशंटसमोर उच्चारूही नयेत. विडी कामगारांच्या या सोलापुरात 'बीडी दोन टाइम' म्हणून बघा, काय ऐकू जातं ते! पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांत कन्नड, बाकी मराठी-हिंदी. म्हणून पाकिटावर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहायचं, वाचता येत नसेल तर सूर्य-चंद्र काढायचे. मात्र १-०-१ मधून जेवणाआधी की नंतर ते कळत नाही, ते तोंडी सांगायचं. पातळ औषधाला 'एक चमचा' म्हणायचं नाही, ५ मिली म्हणायचं आणि मापाचं झाकण दाखवायचं. घरातले चमचे सारखे नसतात.

नवी_पेठ_जुनी_पुस्तकं

लक्षात ठेवायची रीत विचारलीय तर शाळेतलं संस्कृत बाहेर काढा. १७८६ साली कलकत्त्यात न्यायाधीश विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं, त्याचा इथे फुकट फायदा होतो. बिस, टेर, क्वाटेर म्हणजे द्विः, त्रिः, चतुः. झालं बीडी, टीडीएस, क्यूआयडी. डिए म्हणजे दिवस. सोम्नी म्हणजे स्वप्न, ओक्युलस म्हणजे अक्षि, डेक्स्टर म्हणजे दक्षिण. पर ओस, तोंडावाटे: ओस म्हणजे आस्य. इंटर म्हणजे अंतर्, सब म्हणजे उप, नोव्हो म्हणजे नव. पीआरएन फोडा: प्रो रे नाटा, यातला 'नाटा' म्हणजे जात, उद्भवलेली गोष्ट.

ओढूनताणून मात्र जुळवू नका. कॅमेरा मुळात ग्रीककडून आलाय, त्याला कमरेशी बांधायचा मोह आवरा.

विजापूर_वेस

बाप रे, लई उपयोगी. गट पाडायला घेतो. उच्चाराचं राहिलं की ओ सर.

सातरस्ता

कोर्टात इंग्रजी वळणाचे उच्चार चालतात: प्रायमा फेशी (सकृतदर्शनी), बोना फायडी (प्रामाणिक), साइनी डाय (बेमुदत). त्या हिशेबाने वकील 'एक्स पार्टी' म्हणतात तेही चूक नाही. पुस्तकी लॅटिन 'सिने दिए' म्हणेल. एकच वळण धरा म्हणजे झालं. लिहिताना मात्र सुओ मोटूच्या (स्वतःहून) शेवटी यू, ओ नाही. वर्तमानपत्रातलं 'सुमोटो' बोलण्यात चालेल, अर्जात नको. आणि बोना फायडी हे विशेषण, शेवटी एस लागला की नाम, एकवचनीच. ऑबिटर डिक्टा (निकालात जाता जाता केलेली, बंधनकारक नसलेली विधानं) अनेकवचन, एकच असेल तर डिक्टम.

नवी_पेठ_जुनी_पुस्तकं

जर्नल लिहिताना लागतील ते थोडे. आय.ई. म्हणजे इड एस्ट, 'म्हणजेच'. ई.जी. म्हणजे एक्झेम्प्ली ग्राशिया, 'उदाहरणार्थ'. पहिल्यानंतर पूर्ण खुलासा येतो, दुसऱ्यानंतर नमुने, म्हणून ई.जी.च्या यादीला शेवटी एटसेटरा जोडायचं नाही. व्हिझ. म्हणजे 'अर्थात', ते वाचताना इंग्रजी शब्द 'नेमली' म्हणतात. सीएफ. म्हणजे 'ताडून पाहा', नुसतं 'पाहा' नव्हे. एट अल. ('आणि इतर') मध्ये टिंब 'अल'पुढे, 'एट'पुढे नाही, कारण एट हा पूर्ण शब्द आहे. उताऱ्यात मूळ लेखकाची चूक तशीच ठेवली असेल तर तिच्यापुढे सिक ('मुळात असंच').

एएम-पीएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी आणि नंतर, त्यामुळे ऐन बाराला दोन्ही अडचणीचे. नोटिशीत '१२ एएम' न लिहिता 'रात्री ११.५९ पर्यंत' किंवा 'दुपारी १२ वाजता' लिहा.

कन्ना_चौक_मेडिकल

एएमवरून आठवलं, भावाला सांगा: एडी दिसलं तर कानाच्या चिठ्ठीवर तो उजवा कान, एएस डावा, एयू दोन्ही. आणि घाईतल्या अक्षरात एडीचा ए ओसारखा दिसतो. कानाचे थेंब डोळ्यात गेले तर आधी १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि मग बाटली घेऊनच डॉक्टरकडे जायचं.