शब्दचर्चा : गणितातील ‘अ‍ॅक्सेंट’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (सातारा) : अकरावीच्या भौतिकशास्त्राची टिपणे लाटेकमध्ये (आज्ञा लिहून गणिती मजकूर जुळवण्याच्या संगणक प्रणालीत) जुळवत आहे. अक्षराच्या डोक्यावर येणारी टोपी, आडवी रेघ, बाण, टिंब या सर्वांना मिळून एक मराठी नाव हवे आहे. कोशात ‘अ‍ॅक्सेंट’ला ‘आघात’ मिळतो. तो येथे चालेल का?

उत्तर (सांगली) : नमस्कार मॅडम. ‘आघात’ येथे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आघात म्हणजे उच्चारातला जोर, आणि गणितातील या खुणांचा जोराशी काहीही संबंध नाही. या खुणा अक्षराचा अर्थच बदलतात. एक्सवर आडवी रेघ दिली की तो मध्य, म्हणजे सरासरी, होतो. एक्स हे स्थान असेल, तर न्यूटनच्या पद्धतीप्रमाणे एका टिंबाने त्याचा वेग आणि दोन टिंबांनी त्वरण दाखवले जाते. ‘मात्रा’ हा शब्द जवळचा वाटतो खरा, परंतु स्वर, छंद आणि औषध या तिन्हींशी तो आधीच बांधला गेला आहे.

मी ‘शिरश्चिन्ह’ सुचवतो. पुष्कळ जण ‘शिरोचिन्ह’ लिहितील, पण शिरोरेखा, शिरोभाग या शब्दांत पुढे मृदू व्यंजन असल्यामुळे विसर्गाचा ओ होतो; पुढे च आला की त्याचा श् होतो, जसे निः आणि चल मिळून निश्चल. येथे सांगलीच्या विश्रामबागेत प्रश्नपत्रिकांची जुळणी करताना आम्ही आपापसांत ‘डोक्यावरची खूण’ म्हणतो, आणि बोलण्यात तेच राहावे.

सुट्या खुणांची नावे मात्र वर्गात रुळलेलीच ठेवावीत. तेथे एक अडचण येते, ती टिपणांत अवश्य नोंदवावी : एकक सदिशाला (फक्त दिशा दाखवणाऱ्या, एक परिमाणाच्या सदिशाला) आपली मुले ‘आय कॅप’ म्हणतात, परंतु लाटेकमध्ये त्या टोपीची आज्ञा ‘हॅट’ आहे, आणि ‘कॅप’ अशी आज्ञा दिल्यास दोन संचांच्या छेदाचे चिन्ह उमटते. शिवाय आय आणि जे यांच्या डोक्यावर मुळातच टिंब असल्याने, टोपी घालण्यापूर्वी ‘आयमॅथ’ आणि ‘जेमॅथ’ या आज्ञांनी बिनटिंबाची अक्षरे घ्यावी लागतात; तसे न केल्यास टिंबावर टोपी बसते आणि छपाई फार ओंगळ दिसते.

दुसरा भेद रुंदीचा. ‘बार’ची रेघ ठरावीक लांबीची असते, म्हणून एबी या रेषाखंडासाठी ‘ओव्हरलाइन’ घ्यावी, ती दोन्ही अक्षरे झाकते. ‘वाइडहॅट’ची टोपी मात्र एका मर्यादेपर्यंतच रुंदावते. यांना मी ‘ताणलेले शिरश्चिन्ह’ म्हणेन.

विचारणा (सातारा) : ‘शिरश्चिन्ह’ पटले. हाताने लिहिताना सदिशाखाली रेघ मारतात, तिचे काय?

उत्तर (सांगली) : ती शिरश्चिन्ह नव्हे, तिच्यासाठी ‘अधोरेखा’ हा शब्द तयार आहे, आणि तेथे पुढे र असल्यामुळे ओ बरोबर आहे.