बीएस्सी अ‍ॅग्री, मग नऊ वर्षं एमपीएससी, आता वय ३३. खाजगी नोकरीचं कुठून सुरू करू?

डाळिंबवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव पंढरपूर तालुक्यात. २०१५ ला राहुरी विद्यापीठाखालच्या कॉलेजातून बीएस्सी अ‍ॅग्री झालो. बॅचमधली निम्मी पोरं गेली तसा मीही २०१६ ला पुण्याला गेलो. नारायण पेठेत कॉट बेसिस, अभ्यासिका, मेस, सगळं आलं त्यात. राज्यसेवेची मुख्य तीनदा दिली. कृषी सेवेच्या मुलाखतीपर्यंत एकदा पोचलो, यादीत नाव नाही लागलं. पीएसआयला खुल्या प्रवर्गात ३१ ची अट, ती गेली. राज्यसेवेला ३८ पर्यंत चालतं, त्यामुळे घरचे म्हणतात अजून पाच वर्षं आहेत की! पण २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, १७५० मार्क. गोल काळे करायची सवय लागलेला हात आता दहा-दहा पानं लिहायला बसवायचा आणि परत दोन वर्षं वडिलांकडून महिन्याचे पैसे मागवायचे, हे आता माझ्याच्यानं होत नाही.

दोन महिने झाले अर्ज टाकतोय. चाळीसेक टाकले असतील, फोन आले तीन. पहिला एका अकॅडमीचा, कृषी विषय शिकवायला. दुसऱ्यात मुलाखत झाली, समोरच्या बाईंनी विचारलं, "नऊ वर्षं काय केलंत?" मी म्हणालो, "अभ्यास." पुढं काही सुचलंच नाही. तिसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर थेट ऑफर लेटर पाठवलं आणि २,५०० रुपये डिपॉझिट मागितलं. (नाही भरले. पण रात्रभर विचार केला होता, खोटं कशाला बोलू.)

सीव्हीत ही नऊ वर्षं कशी दाखवायची? एक मित्र म्हणतो त्याच्या मामाच्या फर्मचं अनुभवपत्र आणून देतो. आणि गावातले एक दुकानदार म्हणतात, तुझी डिग्री माझ्या कृषी सेवा केंद्राच्या (म्हणजे खतं-औषधांच्या दुकानाच्या) परवान्याला लाव, वर्षाला ठरलेली रक्कम देतो, तुला दुकानात यायची पण गरज नाही. घरबसल्या पैसे येतील म्हणून आई खूश आहे. करू का?

खडूस आजोबा
मामाच्या फर्मचं पत्र आणू नका. त्या काळातला पीएफ, पगाराची बँक एन्ट्री, काहीतरी एक मागतातच. ज्या गोष्टीची लाज वाटायचं कारण नव्हतं ती लपवायला खोटं बोलाल आणि त्यात पकडले जाल.

निशिगंध
मी एचआरमध्ये आहे, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये, तुमच्या क्षेत्रात नाही. पण गॅपचं सगळीकडे सारखंच असतं.

त्या बाईंना नऊ वर्षांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना भीती वेगळीच असते. आम्ही अशा मुलांना घेतो, तीन महिने काम शिकवतो आणि परीक्षेची जाहिरात आली की एका सकाळी मेल येतो, "घरगुती कारणास्तव राजीनामा." माझ्याकडे दोनदा झालंय. त्यामुळे "काय केलंत" हा प्रश्न खरा "परत जाणार का" असा असतो. त्याचं उत्तर तयार ठेवा, दोन वाक्यांत. रडगाणं नको आणि आयोगाला शिव्या तर अजिबात नकोत.

सीव्हीत एक ओळ पुरते: २०१६ ते २०२५, स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी, राज्यसेवा मुख्य परीक्षा तीन वेळा, कृषी सेवा मुलाखत एक वेळ. बास. त्याखाली या वर्षांत हाताने जे काही केलं असेल ते. काहीच नाही केलं यावर माझा विश्वास नाही. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं ते "वरील माहिती खरी आहे" काढून टाका. एक पान ठेवा.

आणि नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, फोन ठेवा. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणणाऱ्यालाही देऊ नका. पडताळणीला दाखवायची आणि परत खिशात.

डाळिंबवाला
धन्यवाद ताई. "परत जाणार का" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हाताने केलेलं म्हणाल तर अभ्यासिकेत दोन वर्षं मॅनेजर होतो, १२० सीट, फीची वसुली, मालकाला हिशोब. तेव्हा माझी सीट फुकट होती म्हणून केलं. लॉकडाऊनमध्ये गावी होतो, घरची तीन एकर डाळिंबाची बाग मीच बघितली, हस्त बहार धरला. बाजार बंद म्हणून पुण्यातल्या चार सोसायट्यांत पेट्या पोचवल्या. आणि पीक विम्याच्या तक्रारी. तेव्हा नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, गावात बऱ्याच जणांना अ‍ॅप जमायचं नाही, त्यामुळे पाऊस झाला की आमच्या ओट्यावर रांग. पण याला अनुभव म्हणतात का?

बांधावरचा माणूस
डाळिंबवाले, तुझ्याच डिग्रीचा, तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. खतं-औषधांच्या कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून लागलो, आता एक विभाग बघतो. कंपनीचं नाव सांगत नाही.

याला अनुभव म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? आमच्या धंद्यात विकणं सोपं असतं. उधारीवर माल कोणीही विकतो, वसुली करताना घाम फुटतो. १२० पोरांकडून दर महिन्याला फी काढली म्हणतोस, तीही नारायण पेठेत! मुलाखतीत हे पहिल्या दोन मिनिटांत सांग. किती थकली, किती आली, कशी आली.

कामाचं स्वरूप आधी ऐक, मग ठरव. दिवसाला शे-दीडशे किलोमीटर मोटारसायकल. दुकानदारांकडे बसायचं, शेतकऱ्यांच्या मीटिंगा घ्यायच्या, प्लॉटवर डेमो टाकायचे. खरिपाच्या तोंडावर टार्गेट, मार्चअखेर वसुली. हंगाम संपला की न खपलेला माल परत घ्यायचा, त्याचीही बोलणी खायची. ३३ वय अडत नाही, पण २४ वर्षांचा बॉस चालेल का, हे आधी स्वतःला विचार. बऱ्याच जणांचं तिथेच अडतं.

डिग्री भाड्याने देऊ नको. औषधांच्या परवान्याला शिकलेला माणूस लागतो म्हणून हा धंदा चालतो. गुणनियंत्रण निरीक्षकाने नमुना घेतला आणि तो अप्रमाणित निघाला, तर कागदावर नाव तुझं. दुकानदार म्हणेल, साहेबांना विचारा. दुकानदाराला खरंच गरज असेल तर त्याने स्वतः डेझीचा (DAESI, कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा) ४८ आठवड्यांचा डिप्लोमा करावा, त्याच्यासाठीच आहे तो. तुला दुकानच टाकायचं असेल तर स्वतःचं टाक. कृषी पदवीधरांसाठी अ‍ॅग्री क्लिनिकची योजना आहे, ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, एकट्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, कर्जाला जोडून ३६ टक्के अनुदान. पण ते नोकरीत चार वर्षं बाजार बघितल्यावर. आत्ता उधारी देऊन बसशील.

एक काम सांगतो. पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातल्या पाच कृषी सेवा केंद्रांत जा. नोकरी मागू नको. डाळिंबाच्या तेल्याला आणि मर रोगाला लोक काय नेतायत आणि कुठला माल पडून राहतो, एवढंच विचार. कोणत्या कंपनीचा माणूस हल्ली येत नाही, तेही. लिहून काढ.

पेठेतला पोपट
मी अजून पेठेतच. नोकरी करून अभ्यास का नाही? सगळंच सोडायची काय गरज आहे?

बांधावरचा माणूस
करता येतो. बँकेत, शाळेत. फिरतीच्या नोकरीत नाही. संध्याकाळी सातला हेल्मेट काढल्यावर राज्यघटना उघडून दाखव.

डाळिंबवाला
खरं सांगतो, येत्या पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरलाय. घरच्यांसाठी नाही, मलाच सवय झालीय. जाहिरात आली की बोट आपोआप जातं.

निशिगंध
भरलाय तर भरलाय. मुलाखतीत विचारलं तर सांगा की भरला आहे, पण देणार नाही. आणि मग खरंच देऊ नका. देणार असाल तर परीक्षा होईपर्यंत मुलाखतींना जाऊ नका, त्या माणसाचाही वेळ असतो.

खडूस आजोबा
तोवर हात रिकामे नकोत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ३५ पर्यंतचे घेतात, पदवीधराला महिन्याला १०,००० विद्यावेतन. महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा. मुदत संपली की घरी पाठवतात, कायम होण्याच्या आशेवर बसू नका. आमच्या भाच्याने ती चूक केली आणि मग उपोषणाला बसला.

डाळिंबवाला
तीन आठवड्यांनी लिहितोय.

पाचऐवजी सात दुकानं झाली. दोघांनी उभंही केलं नाही. एकाने चहा पाजला आणि तासभर एका बुरशीनाशकाबद्दल बोलला. मी सगळं वहीत उतरवत होतो तर म्हणाला, "तू इन्स्पेक्टर आहेस काय?" मंगळवेढ्याच्या दुकानदाराने सांगितलं, एका कंपनीचा पोरगा ऐन खरिपाच्या तोंडावर सोडून गेलाय, त्यांच्या साहेबांचा नंबर दिला. फोन केला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी आहे का?"

परवा सोलापुरात बोलावलंय. सीव्ही एका पानात बसवला, विम्याच्या तक्रारी आणि अभ्यासिकेची वसुली वर घेतली. डिग्री मागणाऱ्या दुकानदारांना नाही म्हणालो, आई दोन दिवस बोलली नाही. परीक्षेला बसणार नाही, वडिलांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि मोटर चालू करायला गेले.

शेवटचा प्रश्न, हसू नका. बूट घालून जाऊ का? माझ्याकडे एकच जोड आहे, मुलाखतीसाठी घेतलेला, कृषी सेवेच्या.

बांधावरचा माणूस
घाल. पण हेल्मेट आणि वही बरोबर घे. साहेब जुन्या वळणाचा असेल तर मुलाखत अर्धवट सोडून म्हणेल, चल, दोन दुकानं फिरून येऊ.